‘खिचडीची शाळा’ म्हणतात, त्यांना काय सांगू?

*ताई,*

*मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षं झाली. पटावर ३४ मुलं आहेत, रोज येतात पंधरा-सोळा. दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयत्यावर, म्हणजे कारखान्यांच्या ऊसतोडीला, जातं, मग सहा-सातच उरतात. ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्यांची मुलं व्हॅनने तालुक्याला इंग्रजी नर्सरीत जातात. बाकीचे म्हणतात, “अंगणवाडी म्हणजे खिचडीची शाळा. डबा भरून द्या, पोराला कशाला बसवून ठेवता?” सहाव्या वर्षी शाळा असतेच, त्याआधी काय शिकायचं, असं सगळ्यांचं मत. गेल्या वर्षी पालक मेळावा घेतला. मेंदूची वाढ, पायाभूत शिक्षण, सगळं तक्ते लावून सांगितलं. सात बाया आल्या, त्यातल्या दोघी पेंगत होत्या. सरपंच म्हणतात, जनजागृतीसाठी गावात फ्लेक्स लावू. आणखी एक. चार वर्षांची एक मुलगी पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, आईबापांबरोबर कारखान्यावरून परत आलीय. रोज दारापर्यंत येते, आत येत नाही, एक शब्द बोलत नाही. कधी कधी वाटतं, लोक म्हणतात तेच खरं असेल. बाकीच्या गरीब देशांत हे लोकांना कसं पटवून देतात? मी काय करू?*

*— एक अंगणवाडी सेविका*

सेविकाताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या पेंगणाऱ्या दोन बायांपाशी थांबले. त्या पहाटे चारला उठल्या असतील, खुरपणी करून आल्या असतील, आणि घरी जाऊन भाकरी थापायच्या असतील. तरी तुमच्या मेळाव्याला आल्या. याचा अर्थ त्यांना लेकराची काळजी आहे. तुम्ही जे सांगत होता ते मात्र त्यांच्या कानापर्यंत पोचलं, काळजापर्यंत नाही.

मीही हेच केलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आदिवासी पाड्यावर आम्ही बालवाडीसाठी सभा घेतली होती. मी चाळीस मिनिटं बोलले. लोक शांत बसून होते, मला वाटलं सभा रंगली. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, “बाई, आमची नात रातभर दचकून उठते. तुमच्या बालवाडीत तिची भीती जाईल का, तेवढं सांगा.” मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या नातीला मी पाहिलंच नव्हतं. त्यानंतर आधी मुलं पाहायची, मग बोलायचं, अशी सवय मी लावून घेतली. सभा घेणं जवळपास बंदच केलं.

तेव्हा पहिली गोष्ट. ‘८५ टक्के मेंदू सहा वर्षांच्या आत घडतो’ हे वाक्य खरं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. पण ते तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी आहे. आईला टक्के सांगू नका, तिचं पोर दाखवा.

आता ‘सहाव्या वर्षी शाळा असतेच’ या मताबद्दल. लोकांना अडाणी समजू नका, त्यांनी हे सरकारकडूनच शिकलंय. शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालच्या मुलांचा उल्लेख कलम ४५ मध्ये गेला, म्हणजे राज्याने त्यांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा प्रयत्न करावा, एवढंच. सहानंतर हक्क आणि सहाआधी प्रयत्न, अशी रेघ खुद्द कायद्यानेच ओढली, तर गावाने ती खरी मानली यात गावाचा दोष काय? २०२० च्या धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे तुमची अंगणवाडी आणि शाळेची पहिली-दुसरी एकाच इमारतीचे मजले झाले. पण ही गोष्ट अजून कागदावरून वाड्यावस्त्यांवर उतरायची आहे. ते काम तुमच्यासारख्या बाया करतायत. महिन्याला जे हातात पडतं त्याला वेतनसुद्धा म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. निदान कुणीतरी म्हणालं की ही नोकरी आहे, समाजसेवा नाही.

‘खिचडीची शाळा’ हे तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतं. लागू देऊ नका. खिचडी ही छोटी गोष्ट नाही. उपाशी मुलाला रंग ओळखता येत नाहीत, त्याला झोप येते नाहीतर रडू येतं. पण नुसत्या खिचडीने काय होत नाही, याची एक गोष्ट जमैका देशातली आहे. तुम्ही इतर गरीब देशांचं विचारलंय, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. सरपंचांनाही सांगा, कारण त्यात पैशाचा हिशेब आहे.

जमैका हा वेस्ट इंडीजमधला देश, आपल्याकडे क्रिकेटमुळे माहीत असलेला. १९८६-८७ मध्ये त्याची राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली १२९ खुरटलेली बाळं एका अभ्यासासाठी निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षं. तुमच्या भाषेत सांगायचं तर उंचीच्या रेघेखाली असलेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाचं पूरक अन्न दिलं. दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जायची. आपल्या आशाताईंसारखीच, त्याच वस्तीतली. ती बाळाशी आणि आईशी मिळून खेळायची, आईला बोलायला लावायची, घरी बनवलेली खेळणी ठेवून यायची आणि पुढच्या आठवड्यात बदलायची. तिसऱ्या गटाला अन्नही आणि खेळही. चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. मग त्या मुलांना मोठी होऊ दिलं. वीस वर्षांनी पुन्हा शोधून काढलं, तेव्हा ज्यांच्या घरी खेळायला बाई जात होती ती मुलं न गेलेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती. नुसत्या दुधाचा फायदा मात्र इतकी वर्षं टिकलेला दिसला नाही.

ताई, त्या आरोग्यसेविकांकडे महागडं साहित्य नव्हतं. टाकाऊ वस्तूंची खेळणी होती आणि आईशी बोलणं होतं. तुमच्या गृहभेटीत याहून वेगळं काय लागतं? वजन नोंदवलं, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, सही घेतली की आपण उठतो. सही झाल्यावर आणखी दहा मिनिटं बसा. पातेलं आणि चमचा घेऊन बाळासमोर वाजवा, थांबा, आणि त्याच्याकडे पाहा. ते परत वाजवतं की नाही, हे आईलाच बघायला सांगा. पहिल्यांदा आई हसेल आणि म्हणेल, “याला काय कळतंय?” आणि मग ते पोर चमचा उचलेल.

जगभरचं चित्र विचाराल तर युनिसेफने २०१९ मध्ये मोजलं होतं. पूर्वप्राथमिक वयाची साडेसतरा कोटींहून जास्त मुलं, म्हणजे त्या वयाच्या जवळजवळ निम्मी, कुठल्याच बालवाडीत नव्हती. सर्वांत गरीब देशांत तर पाचातलं एकच मूल जात होतं. तुमच्या पटावरची ३४ त्या मानाने भाग्यवान आहेत. त्यांना छप्पर आहे, नाव नोंदलेलं आहे, आणि तुम्ही आहात. आपल्याकडे कमतरता जागेपेक्षा आत काय चालतं याची आहे. हे कडू आहे, पण तुम्हालाही पटेल.

आता मेळाव्याऐवजी काय करायचं ते सांगते.

रोज एका आईला बोलवा. सगळ्यांना एकदम नको. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी. “उद्या लेकराला सोडायला आलात की अर्धा तास बसा, चहा देते,” एवढंच सांगा. आणि त्या दिवशी तिच्या मुलाला हाताने करायचं काहीतरी द्या. मी चिंचोके द्यायचे. पुढ्यात तीन वाट्या, एकीत चिंचोके, एकीत तुरीचे दाणे, एकीत खडे, सगळे एकत्र मिसळून परातीत टाकायचे आणि म्हणायचं, वेगळे कर. (तीनच्या खालची भावंडं जवळ असतील तर दाणे नकोत, ती तोंडात नाहीतर नाकात घालतात. तेव्हा बाटल्यांची झाकणं आणि कणसाची बुरकुंडं घ्या.) मूल सुरुवातीला मुठीने उचलतं. मग दोन बोटांनी. मग थांबतं, एक चिंचोका उलटसुलट करून बघतं. मग खड्याच्या वाटीत तूर पडते तेव्हा स्वतःच ती बाहेर काढतं. कुणी न सांगता.

त्या क्षणी आईकडे पाहायचं. बोलायचं नाही. मी अशी एक आई पाहिली आहे, जिने तोंडावर पदर धरला होता. मला वाटलं हसतेय, पण ती रडत होती. नंतर म्हणाली, “घरी ह्याला आम्ही धांदरट म्हणतो.” त्या बाईला मी पायाभूत शिक्षणाबद्दल कधीही एक शब्द सांगितला नाही. तिने वस्तीवर जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात तिच्या दोन जावा दारात येऊन बसल्या होत्या.

मग प्रश्न येतोच, “लिहायला कधी शिकवणार?” वडील हमखास विचारतात. त्यांना वखराची भाषा समजते. त्यांना विचारा, “वखराची पाळी घालून जमीन भुसभुशीत केल्याशिवाय पेरायला तिफण धरता का?” चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देणं म्हणजे ढेकळात पेरणं. ते चिंचोके, ती मळलेली कणीक, दोरीत ओवलेली झाकणं, मातीच्या गोळ्या, ही सगळी पाळी आहे. बोटांत बळ आलं, डावं-उजवं, लहान-मोठं डोळ्यांना दिसायला लागलं की अक्षर आपोआप धरतं. आधी धरायला लावलं तर मूल मुठीत पेन्सिल आवळून बसतं, मान तिरकी करतं, आणि शाळा म्हणजे दुखणारा हात हे पहिलीच्या आधीच शिकून घेतं.

व्हॅनने जाणाऱ्यांशी भांडू नका. त्या आईबापांनाही आपल्या मुलाचं भलंच हवंय, आणि इंग्रजीची ओढ खोटी नाही. फक्त तीन वर्षांचं मूल सकाळी सातला व्हॅनमध्ये झोपेत बसवलं जातं आणि चार ओळींत ‘ए’ गिरवून परत येतं, त्याला त्यात काय मिळतं हे त्यांनी एकदा बघावं, एवढंच मला वाटतं. तुमची अंगणवाडी चांगली चालली तर दोन-तीन जण परत येतील. नाही आले तरी पटावरच्या मुलांचं काही अडत नाही.

भाषेचं एक राहिलं. तुमच्या गावाजवळ बंजाऱ्यांचा तांडा असेल आणि तिथली मुलं येत असतील, तर ती घरी गोरमाटी बोलतात. आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही ‘आई’ म्हण म्हणून दुरुस्त करू नका. तुम्हीच दहा-वीस शब्द शिका, आणि ते तांड्यावरच्या एखाद्या म्हातारीकडून सगळ्यांसमोर शिका. बाईंना आपल्याकडून काहीतरी हवंय, हे कळलं की ते घर अंगणवाडीशी बांधलं जातं. गप्प असणारी बरीच मुलं भाषेमुळे गप्प असतात.

तुम्ही ज्या नावाची नोकरी करता ते नाव कुठून आलं, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं का? बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण शहरातल्या खात्यापित्या घरांच्या मुलांसाठी बालमंदिरं चालवून त्यांचं समाधान होईना. १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि गावातल्या गरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणीच विधवा झालेली बाई, पुढचं सगळं आयुष्य याच कामात गेलं. मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा यांनीच मुलांच्या अंगणात जायला सुरुवात केली. त्यांना धुवायचं, केस विंचरायचे, गोष्ट सांगायची, गाणं म्हणायचं, सगळं घरच्यांच्या डोळ्यांदेखत. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीचं महाग साहित्य परवडणारं नव्हतं, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. तीच अंगणातली वाडी, अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हे नाव देशभर गेलं. आज देशात चौदा लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या, त्यांनी हे पाहिलं नाही. हा इतिहास मी तुम्हाला अभिमान वाटावा म्हणून सांगत नाहीये. (वाटला तर चांगलंच आहे.) मूल येत नसेल तर त्याच्या जागी जायचं, आणि जे करायचं ते घरच्यांसमोर करायचं, ही युक्ती त्यात आहे. तुमच्या गावाला तीच लागणार आहे, कारण तुमचं अर्धं गाव सहा महिने गावात नसतं.

कोयत्यावर जाणाऱ्यांबद्दल नीट बोलायला हवं. ते तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय, पण माझ्या मते सगळा पेच तिथेच आहे. नवरा-बायकोचा एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. ती फेडायची तर पहाटे अंधारात फडात उतरावं लागतं. तीन-चार वर्षांचं मूल बांधावर पाचटाच्या उबेला निजवलेलं असतं. उठलं की उसाची कांडी चोखत बसतं, मोळ्या गाडीत चढताना बघत राहतं. कोपीवर, म्हणजे पालाच्या झोपडीवर, परत यायला रात्र होते. सहा महिने त्याच्याशी कुणी सलग पाच मिनिटं बोलत नाही. आई वाईट नसते, आईला श्वास घ्यायला वेळ नसतो. तुमच्या दारात उभी असणारी मुलगी अशा सहा महिन्यांतून आली आहे.

दसऱ्याला अजून दोन-अडीच महिने आहेत, आणि त्यातले पंधरा दिवस दसऱ्याआधीचेच मोलाचे, कारण एकदा टोळी हलली की हातात काही राहत नाही. एवढ्यात तीन कामं होतील.

एक, जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं एक गाठोडं करा. जुन्या लुगड्याच्या फडक्यात एक चिंध्यांची बाहुली, एक चिंध्यांचा चेंडू, मूठभर सागरगोटे, रंगीत खडूचे तीन तुकडे, आणि ज्वारीच्या धाटाची बैलगाडी. ही गाडी गावातली म्हातारी माणसं डोळे मिटून करतात, त्यांच्याकडून करून घ्या. गाठोडं मुलाला देऊ नका, आईच्या हातात द्या, आणि तिच्याकडून तीनच गोष्टींचं वचन घ्या. भाकरी करताना लेकराला मोजायला लावायचं. मोळी बांधताना बोलत राहायचं, ‘ही मोठी, ही बारकी, ही वर गेली.’ आणि रात्री निजताना ‘आज काय पाहिलंस’ असं विचारायचं. तीनहून जास्त सांगितलं तर एकही होणार नाही.

दोन, मोठ्या बहिणीला धरा. फडाच्या बांधावर लहान भावंडं सांभाळते ती आठ-दहा वर्षांची पोर. युनिसेफने बांगलादेश, इथियोपिया, येमेन अशा देशांत असाच एक प्रयोग केला होता. प्राथमिक शाळेतली मोठी मुलं पाच-सहा वर्षांच्या मुलांशी शिकण्याचे खेळ खेळायची. आपल्याकडे ही पद्धत नकळत चालूच असते, तिला फक्त चार खेळ शिकवायचे. पण सावध राहा. ‘ती शिकवतेय ना’ म्हणून तिची स्वतःची शाळा सुटायला कारण मिळू नये. तिला मागे आजीजवळ ठेवून शाळेत पाठवता येत असेल तर तसंच करा, त्यासाठी मुख्याध्यापकांना सोबत घेऊन त्या घरी जा. एकट्या जाऊ नका.

तीन, कागदाचं. जिथे कारखाना आहे तिथल्या अंगणवाडीत या मुलांना आहार आणि लस मिळायला हवी. तो त्यांचा हक्क गावापुरता नाही. राज्यात स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. जाण्याआधी नोंद झाली आहे का, हे पर्यवेक्षिकेकडून बघून घ्या, आणि आईच्या पदराला बांधून द्या असं एक चिठोरं: मुलाचं नाव, वय, झालेल्या लसी, तुमचा फोन. पलीकडच्या सेविकेने तो फोन लावला तर दोन बाया मिळून एक मूल सांभाळतात.

मागे उरतात त्या आज्या. तुम्ही त्यांना मेळाव्याला बोलावलं होतं का? मला वाटतं नाही, आपण नेहमी ‘माता पालक’ म्हणतो. पण हंगामात गावातली पालक आजीच असते, आणि तिच्याकडे बोटांचे खेळ, कोडी, गोष्टी आहेत, ज्या आपल्या कुठल्याही पुस्तिकेत नाहीत. शुक्रवारी एका आजीला अंगणवाडीत बसवा. तिला म्हणा, लेकरांना गोष्ट सांगा. मदतनीसताई तोवर खिचडी बघतील. आजी एकदा गोष्ट सांगून गेली की ‘खिचडीची शाळा’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं काम तीच करते, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

सरपंचांच्या फ्लेक्सबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, तो वाया जाऊ देऊ नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे त्यांना माहीत असणार. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे हा विषय तुम्ही नाही, दोन आयांनी मांडावा. मागायचं काय? पोरांच्या मापाचं शौचालय. पाण्याची टाकी, जिचा नळ मुलांच्या हाताला येतो. जाड बस्करं, कारण थंडीत फरशीवर बसून मुलं आजारी पडतात. भिंत रंगवायचीच असेल तर खालचे तीन फूट काळ्या रंगाने रंगवून घ्या, मुलं खडूने तिथे रेघोट्या मारतील. वरचे हत्ती-मोर मुलांच्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते पाहुण्यांसाठी असतात.

तुमच्या कामाच्या ओझ्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला माहीत आहे. पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवरच्या नोंदी, फोटो, वजनं, सर्व्हे, निवडणुकीची कामं. सगळ्यातून रोज एक तास काढा, ज्यात मोबाइल मदतनीसताईंच्या पिशवीत असेल. त्या तासात कुणी अधिकारी आले तर त्यांनाही खाली बस्करावर बसवा. हे अवघड आहे, पहिल्या आठवड्यात जमणार नाही. तरी ठरवा.

आता ती मुलगी.

तिला आत बोलावू नका. हात धरून तर अजिबात आणू नका. ती रोज येतेय, हेच केवढं मोठं आहे. तिला कुणी पाठवत नाही, ती स्वतः येते. उद्या सकाळी परात, तीन वाट्या आणि चिंचोके घेऊन तुम्हीच उंबऱ्याजवळ बसा, तिच्याकडे पाठ अर्धी वळवून. चिंचोके निवडायला लागा. तिच्याशी बोलू नका, पण हाताशी बोला, हळू आवाजात, ‘हा गुळगुळीत आहे, हा खरबरीत आहे, हा इथे.’ एखादा चिंचोका उंबऱ्यापलीकडे घरंगळू द्या. ती उचलेल, नाही उचलला तरी चालेल. परवा पुन्हा तिथेच बसा. दोन-तीन आठवडे लागतात, मी महिना लागलेलाही पाहिला आहे. बाकीच्या मुलांना तोवर मदतनीसताई गाणी म्हणायला लावतील. दारातून तिला ती ऐकू जाऊ द्या.

आणि कधी तिची आई तिच्यामागे आली, तर तिलाही जाऊ देऊ नका. उंबऱ्याच्या बाहेर तिच्यासाठी एक बस्कर टाका. परात मध्ये, तुम्ही आत, त्या दोघी बाहेर.

महिनाभर दाराशी येऊनही तिच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही, हाक मारल्यावर तिने मान वळवली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून कान तपासायला पाठवा. फडात राहिलेल्या मुलांचे कान कधी कधी फुटलेले असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ते मात्र दसऱ्याच्या आधी करा, ती पुन्हा कारखान्यावर जाण्याआधी.

तुमची,
ताई